चालवण्यासाठी जुनी स्पोर्ट्स कार: आधी पत्रा, मग इंजिन

प्रश्न थोडक्यात असा: रोजच्या वापराला एक नवी गाडी आहेच. सुट्टीच्या सकाळी वळणावळणाच्या रस्त्यावर चालवायला तीस-चाळीस वर्षं जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. किरकोळ कामं हाताने जमतात, पण इंजिन कधी उघडलेलं नाही. कोणती गाडी पाहावी, पाहताना काय तपासावं आणि घेतल्यावर ती चालती ठेवायला काय लागतं?

यातला ‘चालवायला’ हा शब्द घट्ट धरून ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. संग्राहकाला चासी नंबर आणि इंजिन नंबर कारखान्यातून निघताना होते तसेच जुळलेले हवे असतात, मूळ रंग हवा असतो, मूळ रेडिओसुद्धा हवा असतो, आणि त्यासाठी तो भरपूर जादा पैसे मोजतो. तुम्हाला यातलं काहीच लागत नाही. इंजिन बदललेली, रंग बदललेली, पण नीट बांधलेली गाडी बरीच स्वस्त पडते आणि ती मनात धास्ती न ठेवता चालवता येते. त्याचप्रमाणे मीटरवर अगदी कमी रनिंग दिसलं म्हणून भुलू नका. चाळीस वर्षांत वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत ऑइल सील वाळलेले असतात, ब्रेकचे पिस्टन गंजून अडकलेले असतात, टाकीत जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसलेला असतो. दीड लाख किलोमीटर झालेली, पण दर वर्षी सर्व्हिस झालेली आणि बिलं जपून ठेवलेली गाडी त्यापेक्षा कितीतरी बरी.

आता कोणती घ्यावी. या गाड्यांची गंमत हलकेपणात आहे. हजार किलोच्या आसपास वजन, शंभर ते सव्वाशे हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना ताकद आणि पॉवर नसलेलं स्टिअरिंग, एवढं जमलं की साठ-सत्तरच्या वेगातही वळण हाताला जाणवतं. पहिलीच जुनी गाडी असेल तर १९८९ ते १९९७ मधली माझदा एमएक्स-५ आधी पाहा. फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे ती किल्ली फिरवताच सुरू होते, पार्ट मुबलक मिळतात, आणि तिच्या १.६ व १.८ लिटर इंजिनांत टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. सुरुवातीच्या, साधारण १९९१ पर्यंतच्या १.६ गाड्यांत मात्र क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं. तिथली, पुली पक्की धरणाऱ्या धातूच्या चावीची खाच झिजते, पुली डुगडुगते आणि शेवटी क्रँकच बदलावा लागतो. ओळख सोपी आहे: त्या क्रँक पुलीला चार खाचा असतात, नंतरच्या मजबूत क्रँकच्या पुलीला आठ.

कार्बोरेटरच्या काळातली गाडीच हवी असेल तर १९६२ ते १९८० पर्यंत बनलेली एमजीबी शिकायला सर्वांत चांगली. १७९८ सीसीचं लोखंडी इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं, आणि जवळजवळ प्रत्येक पार्ट आजही नवा मिळतो. १९६४ च्या अखेरीपासून क्रँकला तीनऐवजी पाच बेअरिंग आले, ते इंजिन जास्त टिकतं. १९७४ च्या अखेरीस काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढवली गेली. त्या गाड्या वळणावर जास्त कलतात, पण किंमत कमी असते आणि उंची पुन्हा खाली आणता येते. ट्रायम्फ टीआर६ च्या सहा सिलिंडरच्या आवाजाला तोड नाही, पण तिच्या क्रँकचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, पडतात. इंजिन बंद असताना कोणालातरी क्लच दाबायला सांगा आणि समोरून क्रँक पुलीकडे बघा. पुली डोळ्यांना पुढे-मागे सरकताना दिसली तर गाडी सोडा, किंवा इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करा. आल्फा रोमिओ स्पायडरचं दोन कॅमचं इंजिन अप्रतिम आहे, गिअरबॉक्सच्या दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर न करकरता बसवणारी रिंग) मात्र नाजूक. लोटस एलानचं (१९६२ ते १९७३) अंग फायबरचं असल्यामुळे ते गंजत नाही, पण त्याखालची पोलादी चासी गंजते. चासी बदललेली असेल तर त्याचं बिल मागा.

पोर्शेची ओढ अनेकांना असते. १९८२ ते १९९१ मधली ९४४ चालवायला फार समतोल आहे, कारण इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे. पण तिचा टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, आणि बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) वेगळा बेल्ट तुटला तर तो टायमिंग बेल्टमध्ये अडकून तेच नुकसान करतो. दोन्ही बेल्ट, रोलर आणि वॉटर पंप शेवटचे कधी बदलले याचा कागद नसेल तर ‘कधीच बदलले नाहीत’ असं धरून चाला आणि ते काम होईपर्यंत गाडी ट्रेलरवरच हलवा. ९११ घ्यायचीच असेल तर १९७४ ते १९७७ ची २.७ लिटर टाळलेली बरी. तिच्या मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून सिलिंडर हेड आवळून धरणारे स्टड उपटून येतात. १९८४ पासूनच्या ३.२ कॅरेरामध्ये टायमिंग चेनचे टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालणारे आले, त्यामुळे टेन्शनर निकामी होण्याची चिंता बरीच कमी झाली.

मॉडेल कोणतंही असो, क्रम एकच: आधी पत्रा, मग इंजिन. इंजिन काढून टेबलावर ठेवता येतं, दुरुस्तीचा खर्च आधी सांगता येतो, आणि फारच वाईट निघालं तर दुसरं मिळतं. गंजलेल्या पत्र्याचा खर्च कापायला सुरुवात केल्याशिवाय कळत नाही, आणि कापत गेलं की तो वाढत जातो. उघड्या गाडीत तर छप्पर नसल्यामुळे सगळा भार दाराखालच्या सिलवर असतो. सिल म्हणजे नुसती पट्टी नाही. बाहेरचा, मधला आणि आतला असे पत्रे जोडून बनलेली ती पोकळ तुळई आहे. बाहेरचा पत्रा नवा लावून रंग मारला की आतली कूज झाकली जाते, आणि विकायला काढलेल्या गाड्यांत हेच सर्रास केलेलं असतं.

म्हणून ही परीक्षा करा. गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी असताना दाराच्या मागची फट वर, मध्ये आणि खाली मोजा. मग मागची बाजू जॅकवर उचला, चाक अधांतरी होऊ द्या आणि फट पुन्हा मोजा. दार उघडून-लावून बघा. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं तर तुळईत जीव नाही, गाडी मधून वाकते आहे. विकणाऱ्याने जॅक लावू दिला नाही तर तेही उत्तरच समजा. (गाडीखाली डोकं घालण्याआधी घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे पक्के स्टँड, लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही.)

त्यानंतर टॉर्च घेऊन खाली जा. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय ते बिंदू, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या कड्या, जॅक लावायच्या जागा, फरशीचे कोपरे, बॅटरीची पेटी. एमजीबीमध्ये बॅटरी सीटच्या मागे असते, तिथे हमखास गंज सापडतो. एमएक्स-५ मध्ये छतावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या सीटच्या मागे असतात. त्या पाल्याने तुंबल्या की पाणी सिलमध्ये उतरतं आणि मागच्या चाकाच्या अगदी पुढे पत्रा आतून कुजतो. बोटाने दाबा, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला किंवा पुट्टी भरलेला बद्द. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फार उत्तम: कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, एकदा पुन्हा रंगवलेला २०० ते ३००, आणि आकडा ५०० च्या वर गेला की खाली पुट्टी आहे असं समजा. बाजूच्या पॅनेलवर थोडी पुट्टी खपवून घेता येईल. सिलवर, खांबांवर किंवा चासीवर नाही. खालून सगळीकडे ताजा काळा डांबरी लेप दिसला तर तो कशासाठी लावलाय हे विचाराच.

इंजिन थंड असतानाच पाहायला मागा. जाण्याआधी फोनवर तसं सांगा, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. सुरू करताच निळा धूर येऊन दोन मिनिटांत गेला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड झिजलेत. ॲक्सिलरेटर सोडून उतारावरून येऊन पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला तरी तेच. दाबून धरल्यावर सतत निळा येत असेल तर पिस्टन रिंग गेल्या. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. ऑइलच्या झाकणाला आतून थोडा पिवळट फेस दिसला म्हणून घाबरू नका, गाडी छोट्या अंतरासाठीच वापरली तर तो जमतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

विकणारा तयार असेल तर गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशनची जोडणी सोडलेली, इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोलही बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मग काटा वाढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, तो १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ऑइलच्या दाबाचा ढोबळ हिशेब असा: इंजिन पूर्ण गरम असताना दर हजार आरपीएमला १० पीएसआय.

चालवताना रेडिओ बंद आणि काचा खाली. गिअरबॉक्स थंड असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात घाला, करकर तिथेच ऐकू येते. प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटर झटकन सोडा, गिअर आपोआप बाहेर उडी मारतोय का बघा. क्लच तपासण्यासाठी चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वाढले आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपली. डाव्या वळणावर येणारी गुणगुण उजव्या वळणावर थांबली तर व्हील बेअरिंग. रिकाम्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपर किंवा ब्रेकचा रबरी पाइप संशयित. शेवटी परत येऊन वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी करा आणि तापमानाचा काटा बघत बसा. बऱ्याच गाड्या रस्त्यावर थंड राहतात आणि उभ्या उभ्या उकळतात.

कागदांचं काम छोटं आहे, पण ते पैसे देण्याआधी करा: पत्र्यावर कोरलेला चासी नंबर नोंदणीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. विमा ठरावीक मान्य किमतीवर मिळत असेल तर तोच घ्या, जुन्या गाडीला घसाऱ्याचा हिशेब लावला की हातात काहीच पडत नाही.

किंमत ठरवताना गाडीच्या किमतीच्या किमान पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. तेवढी उरत नसेल तर एक पायरी स्वस्त मॉडेलची चांगली गाडी घ्या. महाग मॉडेलची खराब गाडी घेऊ नका. आणि अर्धवट सोडलेला ‘प्रोजेक्ट’ अजिबात नको: सुटे भाग खोक्यांत असलेल्या गाडीतले कोणते भाग हरवलेत हे ती जोडायला घेतल्यावरच कळतं.

गाडी घरी आली की ताकद वाढवण्याचं काही विकत घेण्याआधी थांबणं, वळणं आणि आग या तीन गोष्टी हातावेगळ्या करा. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा. ३४१९ म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी दहा वर्षांवरचे टायर काढून टाका, रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते काहीही न सांगता सुटतं. ब्रेकचे रबरी पाइप सगळे बदला. ते बाहेरून चांगले दिसत असतानाच आतून फुगतात; मग पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, आणि ब्रेक चिकटून राहतो. मागे ड्रम असतील तर व्हील सिलिंडरच्या रबराची कड उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर नवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ओल धरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि घाट उतरताना पेडल खाली जाऊ लागतं ते यामुळेच. एक लिटरभर ताजं ऑइल घालून सगळं बदला, पुढे दर दोन वर्षांनी. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात चुकूनही मिसळू नका.

आग हा या गाड्यांचा खरा शत्रू, आणि ती बहुतेक वेळा पेट्रोलच्या पाइपमुळे लागते. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला चिरा पाडतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे काढा आणि इथेनॉल सोसणारे, आर९ दर्जाचे पाइप लावा. इंजेक्शनच्या गाडीत त्या पाइपात अडीच-तीन बारचा दाब असतो, तिथे साधे दात्यांचे क्लिप न लावता गुळगुळीत पट्टीचे लावा. कार्बोरेटरच्या गाडीला इलेक्ट्रिक पंप असेल तर धक्का बसताच तो बंद करणारा इनर्शिया स्विच जोडून घ्या. किलो-दोन किलोचं अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं पक्कं बसवा. डिकीत ठेवलेलं काही कामाचं नाही.

मग कूलिंग. रेडिएटर आतून धुवा, थर्मोस्टॅट नवा टाका, कूलंट आणि पाणी अर्धंअर्धं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मेकॅनिक अजूनही भेटतात. त्याने इंजिन थंड राहून झिजतं आणि मूळ दोष, बहुधा अर्धा बुजलेला रेडिएटर, तसाच राहतो.

ऑइलच्या बाबतीत ‘सर्वांत महाग ते सर्वांत चांगलं’ हे खरं नाही. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनात कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) एकमेकांवर घासतात. त्यांना झिंक-फॉस्फरसचं संरक्षण लागतं, आणि आधुनिक पातळ ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ते कमी केलेलं असतं. अशा इंजिनाला जुन्या गाड्यांसाठी बनवलेलं २०डब्ल्यू-५० घाला, १००० ते १२०० पीपीएम झिंक असलेलं. गाडी चालो न चालो, ते वर्षातून एकदा बदला. गिअरबॉक्सला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल ओतण्याची चूक तर फारच होते. ते डिफरन्शियलसाठी (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसाठी) योग्य आहे, पण त्यातली रसायनं बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत, तिथे जीएल-४ हवं. एमजीबीच्या गिअरबॉक्सला तर इंजिनचंच २०डब्ल्यू-५० लागतं. पुस्तिकेत काय लिहिलंय ते प्रत्येक गाडीसाठी वाचा.

जुन्या वायरिंगची भीती वाटते, पण बऱ्याच तक्रारी अर्थिंगच्या निघतात. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं घासून चकचकीत करा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. हेडलाइटला रिले बसवा, प्रकाश लगेच वाढतो आणि डॅशबोर्डवरचा जुना स्विच वितळत नाही. ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलं आहे, तरी जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत राहू द्या. ०.३५ ते ०.४० मिमी गॅप रस्त्याच्या कडेलाही लावता येतो.

गाडी सुधारायची तर सस्पेन्शनचे रबरी बुश आणि शॉकॲब्सॉर्बर नवे टाका आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या. एवढ्यानेच बहुतेक गाड्या ओळखू येणार नाहीत इतक्या बदलतात. रुंद चाकं आणि कडक स्प्रिंग मात्र घेऊ नका. पहिल्या एमएक्स-५ ला १४ इंची चाकावर १८५ रुंदीचा टायर आहे तो विचार करून दिलेला आहे. त्याची पकड हळूहळू, हाताला सांगत सुटते, आणि हाच आनंद घ्यायला तुम्ही ही गाडी घेताय.

चालवताना एक सवय लावून घ्या. कूलंटचा काटा जागेवर आला तरी ऑइल गरम व्हायला आणखी वेळ लागतो. पहिले दहा किलोमीटर ३००० आरपीएमच्या खाली ठेवा, मग मात्र मनमोकळेपणाने वर न्या. उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण भरा म्हणजे आत ओल धरत नाही, टायरमध्ये १० पीएसआय जास्त हवा, बॅटरीला मेंटेनर, आणि हँडब्रेक न ओढता चाकांना अडण्या. मध्येच येऊन पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करणं हे सर्वांत वाईट: सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं आणि ते उडून जाण्याइतकं काहीच तापत नाही. दोन आठवड्यांतून एकदा किमान तीस किलोमीटर बाहेर काढा, नाहीतर सुरूच करू नका. महिना-दोन महिने हलणारच नसेल तर क्लच पेडल लाकडी दांडक्याने दाबून ठेवा, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला चिकटत नाही.